दोन रुपयांचा चेक आणि ट्विटर : आंदोलनात सोशल मीडिया नेमकं करतो काय?

फेब्रुवारी २०२३ मधला तो दोन रुपयांचा चेक आठवतोय का? बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला, भाव लागला किलोला एक रुपया, आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई सगळं वजा करून पट्टीवर शिल्लक राहिले २ रुपये ४९ पैसे. वरचे पैसे सोडून दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. कांदा पडला ही आपल्याकडं दरवर्षीचीच बातमी आहे, चार ओळीत येते आणि विसरली जाते. पण त्या दिवशी पट्टीचा आणि चेकचा फोटो व्हॉट्सअपवर फिरायला लागला, तिथून फेसबुक, ट्विटर, मग टीव्ही, आणि बघता बघता दिल्लीतले लोक सोलापूरच्या कांद्यावर बोलायला लागले. विधिमंडळाचं अधिवेशन तोंडावर होतं, तिथं गोंधळ झाला, मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यातनं शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईकडं निघाले, आणि सरकारनं कांद्याला क्विंटलमागं आधी ३०० आणि नंतर ३५० रुपये अनुदान जाहीर केलं.

आता हे नेमकं कुणी केलं? फोटोनं केलं, संघटनांनी केलं, का पाय सुजेपर्यंत चालणाऱ्या माणसांनी केलं? माझं म्हणणं असं की तिघांनी केलं, पण तिघांचं काम वेगवेगळं होतं, आणि आपण गल्लत करतो ती इथंच. एकतर म्हणतो सोशल मीडियानं क्रांती होते, नाहीतर म्हणतो मोबाईलवर बोटं फिरवून काही होत नसतं. दोन्ही अर्धवट आहे.

आधी फोटोचं काम बघू. सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे काय कुणाला सांगायला नको. प्रत्येक घरात पिंप भरून ठेवलेले असतात, प्रत्येक बाई मनातल्या मनात चिडलेली असते. पण प्रत्येकीला वाटतं की आपलंच नशीब फुटकं, नाहीतर बाकीच्यांनी स्वीकारलंय, मी एकटीनं जाऊन ओरडून काय होणार. मग एखाद्या दिवशी प्रभागाच्या ग्रुपवर कुणीतरी रिकाम्या पिंपाचा फोटो टाकतं आणि खाली पंधरा मिनिटांत पन्नास जण लिहितात, आमच्याकडं पण, आमच्याकडं पण. पाणी येत नाही हे आधीपण सगळ्यांना माहीत होतं, नवीन काय कळलं? नवीन हे कळलं की बाकीचेही चिडलेत, आणि आपण चिडलोय हे त्यांनाही कळलंय. एवढ्या एका गोष्टीनं माणूस घराबाहेर पडायला तयार होतो, कारण आता त्याला माहीत असतं की तिथं गेल्यावर आपण एकटे नसणार. माझ्या मते सोशल मीडियाची सगळ्यात मोठी ताकद ही आहे, माहिती पोचवणं त्याच्यानंतर येतं.

इजिप्तमध्ये नेमकं हेच झालं. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रिया शहरात खालेद सईद नावाच्या तरुणाला पोलिसांनी मारहाण केली आणि त्यात तो गेला. त्याच्या चेहऱ्याचे फोटो बाहेर आले आणि ‘आम्ही सगळे खालेद सईद’ अशा नावाचं फेसबुक पेज निघालं. ते चालवत होता वाएल घोनिम, गुगलमध्ये नोकरी करणारा माणूस. लाखो लोक त्या पेजवर आले. तिकडं उत्तर आफ्रिकेतल्याच ट्युनिशियात १७ डिसेंबर २०१० ला मोहम्मद बुआझिझी या फेरीवाल्यानं, अधिकाऱ्यांनी माल जप्त केला म्हणून, स्वतःला पेटवून घेतलं, आणि महिन्याच्या आत, १४ जानेवारी २०११ ला, तिथला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. ते बघून इजिप्तमधल्या पेजवर २५ जानेवारीला रस्त्यावर यायची हाक गेली आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारकची तीस वर्षांची सत्ता संपली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. सोलापूरकरांनी त्याच्या आधीची गोष्ट वाचायला पाहिजे. इजिप्तमध्ये महल्ला अल-कुब्रा नावाचं गाव आहे, आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव, कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या, हजारो कामगार. तिथले कामगार २००६ पासून संप करत होते. ६ एप्रिल २००८ ला त्यांनी पुन्हा संप ठरवला, तेव्हा कैरोतल्या काही तरुणांनी त्यांना पाठिंबा म्हणून फेसबुक ग्रुप काढला, त्यात हजारोंनी लोक आले आणि त्यातनंच ‘६ एप्रिल’ नावाची तरुणांची चळवळ उभी राहिली. म्हणजे २०११ च्या कैरोच्या तहरीर चौकातल्या गर्दीमागं गिरणी कामगारांची कितीतरी वर्षांची तालीम होती. टीव्हीवर दिसले ते मोबाईल हातात धरलेले तरुण, गिरणीतला माणूस फारसा कुणाला दिसला नाही.

सोशल मीडिया म्हणजे हलगी आहे. वाजली की लोक दाराबाहेर येतात, अंगात येतं, पाय आपोआप पुढं पडतात, पण मोर्चा कुठं न्यायचा, निवेदनात काय लिहायचं, आत साहेबांशी बोलायला कोण पाच जण जाणार, हे हलगी सांगत नाही.

आपल्या गावानं हे १९३० मध्ये दाखवलंय. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद, रस्त्यावर माणसं, ८ तारखेला गोळीबार, त्यानंतर काही दिवस इंग्रजांचा अंमलच गावातनं उठल्यासारखा झाला, शेवटी १२ मे ला मार्शल लॉ लावावा लागला आणि गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आता बघा, तेव्हा ना फोन घरोघरी ना काही. कुर्बान हुसेन स्वतः वर्तमानपत्र चालवायचे आणि कामगारांमध्ये काम करायचे, म्हणजे हलगी वाजवणारा माणूस आणि माणसं बांधणारा माणूस एकच होता. गिरणीची पाळी, चाळ, तालीम, पेठ, सगळीकडं एकमेकांना तोंडानं ओळखणारे लोक होते. ती ओळख फॉलोअर वाढवून मिळत नाही.

आणि नुसत्या गर्दीनं सत्ता पडली तर पुढं काय होतं तेही इजिप्तनं दाखवलं. मुबारक गेला, मग निवडणूक आली, निवडणुकीत जिंकले ते मुस्लीम ब्रदरहूड या जुन्या इस्लामी संघटनेवाले, कारण गावोगावी शाखा, कार्यकर्ते, निधी हे सगळं त्यांच्याकडं होतं आणि चौकातल्या पोरांकडं नव्हतं. २०१३ मध्ये लष्करानं त्यांनाही हटवलं. ज्यांनी सगळ्यात आधी जीव धोक्यात घातला त्यांच्या हातात काहीच राहिलं नाही, मला याचं अजून वाईट वाटतं.

नेपाळचं अगदी अलीकडचं आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारनं फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअप धरून २६ प्लॅटफॉर्म बंद केले. कारण नोंदणीचं दिलं होतं, पण त्याच्या आधीपासून नेत्यांच्या पोरांच्या ऐशोआरामाचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरत होते आणि तरुण पोरं खवळलेली होती. ८ तारखेला ती रस्त्यावर आली, गोळीबारात त्या एका दिवसात १९ जण गेले, रात्री बंदी उठवली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, संसदेची इमारत जळाली. आणि मग पुढचा माणूस कोण, यावर चर्चा कुठं झाली तर डिस्कॉर्डवर, म्हणजे जे अॅप पोरं गेम खेळताना बोलायला वापरतात त्याच्यावर. हजारो जणांनी तिथं मत दिलं, माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढं आलं आणि १२ सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. शेवटचा निर्णय अर्थातच राष्ट्रपती, लष्कर आणि पोरांचे प्रतिनिधी यांच्या बोलण्यातनं झाला. पण गर्दीनं निदान एक नाव ठरवून हातात दिलं, हे इजिप्तपेक्षा एक पाऊल पुढं होतं.

आपल्याकडंही चांगली उदाहरणं आहेत. २०१६ चे मराठा क्रांती मूक मोर्चे आठवा. सोलापुरातही निघाला होता. पुढं मुली, मागं महिला, मग पुरुष, नेते सगळ्यात शेवटी, घोषणा नाही, मोर्चा गेल्यावर मागं कचरा उचलणारी पोरं. ही आचारसंहिता गावागावांत व्हॉट्सअपवरनं पोचली हे खरंय, पण त्याच्या जोडीला तालुक्याच्या गावी बैठका झाल्या, गाड्या ठरल्या, पाण्याची सोय कोण करणार हे ठरलं. दिल्लीच्या सीमेवरचं शेतकरी आंदोलन वर्षभर टिकलं ते पण लंगर आणि संघटनांच्या जोरावर, फेसबुक पेज आणि यूट्यूब चॅनेल त्यांनी काढलं ते आपली बाजू आपल्या तोंडानं सांगायला.

आता जे लिहायचंय ते लिहिताना हात जड होतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, भिक्षा मागत फिरणारी, आणि त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा कित्येक दिवस फोनवर फिरत होती. त्या वर्षी देशभर अशा अफवांनी बळी घेतले. त्यात जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीत बनवलेली जनजागृतीची फिल्म होती, मुलांची काळजी घ्या असं सांगणारी, मोटरसायकलवरचा माणूस मूल उचलतो आणि शेवटी परत आणून सोडून पाटी दाखवतो. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला आणि उरलेला भाग आपल्या फोनमध्ये आला.

आंदोलनावरच्या लेखात हे का, असं कुणाला वाटेल. कारण यंत्र तेच आहे. ‘आमच्याकडं पण’ असं पन्नास जणांनी लिहिलं की माणसाला धीर येतो, तसाच पन्नास जणांनी ‘आमच्या गावात पण टोळी आलीय’ लिहिलं की त्याला खात्री वाटते. राग खरा असो की खोटा, फोन दोन्ही सारख्याच वेगानं पोचवतो. फेसबुक-इन्स्टासारख्या ठिकाणी तर त्याच्या पुढचं आहे. तिथं कुठली पोस्ट वर दाखवायची हे कंपनीचा प्रोग्रॅम ठरवतो, आणि ज्याच्यावर लोक जास्त थांबतात, कमेंट करतात, शेअर करतात ते वर येतं. राग आणि भीती यांच्यावर माणूस थांबतो, त्यामुळं तेच वर येत राहतं. व्हॉट्सअपवर असा प्रोग्रॅम नाही, तिथं माणसं स्वतःच पुढं ढकलतात. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअपनं भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मेसेजवर दोन बाण दिसतात ना, ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं सांगणारे, त्याचा अर्थ हा मेसेज मूळ माणसापासून पाच किंवा जास्त हात फिरून आलाय, आणि असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाण दिसले की माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, पुढं पाठवू नका. कुठल्या गावचं, कुठल्या तारखेचं, कुणी काढलेलं, हे तीन प्रश्न विचारा, उत्तर नसेल तर तिथंच थांबवा. आंदोलन करणाऱ्यांनी तर हे जास्तच पाळायला पाहिजे. एक जुना किंवा दुसरीकडचा लाठीमाराचा व्हिडिओ आपल्या आंदोलनाच्या नावानं फिरला आणि नंतर खोटा निघाला की खऱ्या जखमा पण लोक खोट्या समजतात.

सरकार काय करतं तेही थोडक्यात. एक, इंटरनेटच बंद. इजिप्तनं जानेवारी २०११ मध्ये जवळजवळ पाच दिवस देशाचं इंटरनेट बंद ठेवलं, त्यानं उलट घरात बसून बघणारे लोक काय चाललंय बघायला बाहेर पडले. आपल्या देशात जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेलं फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळीकडं परत आलं. त्याच काळात, १० जानेवारी २०२० ला, सुप्रीम कोर्टानं अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येत नाही आणि बंदीचा आदेश लोकांना कळेल असा प्रसिद्ध करायला पाहिजे. हा आदेश गृह सचिवांच्या पातळीवरनं निघतो आणि एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नसते. म्हणजे जिल्ह्यात उद्या नेट गेलं तर ‘आदेश दाखवा’ म्हणायचा आपल्याला हक्क आहे. दुसरं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली एखादं अकाउंट किंवा पोस्ट भारतात दिसू न देणं. यात कारण सहसा गुप्त राहतं, आणि माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच आहे, कारण ज्याचं तोंड बंद केलं त्याला का बंद केलं हेच कळत नाही. ६६अ नावाचं अजून एक कलम होतं, २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्ट आणि लाईकवरनं अटक झाली ते त्याच कलमाखाली, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं.

इथपर्यंत देशातलं झालं. आता बाहेरच्या देशांचं, ज्याला पब्लिक डिप्लोमसी म्हणतात. साधं आहे, एका सरकारनं दुसऱ्या सरकारशी बोलायचं ती नेहमीची डिप्लोमसी, आणि एका देशानं दुसऱ्या देशाच्या जनतेशी थेट बोलायचं, त्यांच्या मनात आपल्याबद्दल चांगलं मत तयार करायचं, ती पब्लिक डिप्लोमसी. रेडिओ, सिनेमा, शिष्यवृत्त्या, योग दिन, सगळं त्यात येतं.

सोलापूरनं यात देशाला दिलेलं नाव म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० मध्ये सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यात ते गेले, जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करत राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथंच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं घर आज स्मारक आहे. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटायचे, इतकी वर्षं. चीन-भारत युद्ध होऊन गेलं तरी हे चालू राहिलं.

त्याच्या शेजारी आजचं ठेवून बघा. मे २०१५ मध्ये चीन दौऱ्याच्या आधी पंतप्रधान मोदींनी वेईबोवर, म्हणजे चिनी लोकांच्या ट्विटरसारख्या ठिकाणी, अकाउंट उघडलं, चिनी भाषेत पोस्ट टाकल्या. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चीनशी चकमक झाली, भारतानं टिकटॉकसह ५९ चिनी अॅप बंद केले आणि जुलैत ते वेईबो अकाउंटही बंद झालं. सैनिक शहीद झाल्यावर दुसरं काय होणार होतं, मी त्याला नावं ठेवत नाही. मला एवढंच दाखवायचंय की अकाउंटची दोस्ती पाच वर्षांत पुसता येते, आणि चीननं तर स्वतःच्या लोकांसाठी २००९ पासून ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, बंद ठेवलंय पण त्यांचे राजदूत मात्र जगाला सांगायला तेच ट्विटर वापरतात.

चांगला वापरही झालाय. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशात अडकलेला माणूस ट्विट करायचा आणि दूतावासातनं फोन जायचा, त्यामुळं परराष्ट्र खातं हे आपलंही खातं आहे असं पहिल्यांदा साध्या माणसाला वाटलं. २५ फेब्रुवारी २०२२ ला कीववर रशियाचा हल्ला चालू असताना युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी रस्त्यावर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढला की आम्ही इथंच आहोत, त्या काही सेकंदांनी ते पळून गेले ही अफवा मोडली. आणि त्याच दिवसांत खार्किव, सुमीच्या तळघरातनं आपल्या मेडिकलच्या पोरांनी पाठवलेल्या व्हिडिओंनी दिल्लीवर दबाव आणला.

आंदोलन आणि डिप्लोमसी एकमेकांत मिसळतात ती जागा तर बघण्यासारखी असते. जून २००९ मध्ये इराणमध्ये निवडणुकीवरनं निदर्शनं चालू होती, ट्विटर देखभालीसाठी थोडा वेळ बंद राहणार होतं, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं कंपनीला ते पुढं ढकलायला सांगितलं. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक सरकारला संशय की आपल्याकडच्या आंदोलनामागं बाहेरचा हात आहे, आणि खऱ्या आंदोलकांना हा आरोप कायमचा चिकटला. २ फेब्रुवारी २०२१ ला गायिका रिहानानं शेतकरी आंदोलनावर एक ओळ ट्विट केली, दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र खात्यानं हॅशटॅगसह निवेदन काढलं. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, एका गायिकेच्या ओळीला देशाच्या परराष्ट्र खात्यानं उत्तर द्यायची गरज नव्हती, कारण उत्तर दिल्यामुळंच ज्यांनी ती ओळ वाचली नव्हती त्यांनीही वाचली.

आणि मालदीव. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपचे फोटो टाकले, मालदीवच्या उपमंत्र्यांनी त्यावर घाणेरडं लिहिलं, त्यांच्या सरकारनं तिघांना निलंबित केलं, पण तोपर्यंत इकडं बहिष्काराचा हॅशटॅग सुटला होता. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीय पहिल्या नंबरवर होते, २०२४ मध्ये ते मागं पडले. गाडी रुळावर यायला ऑक्टोबर उजाडला, राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत आले, भारतानं ४० कोटी डॉलरची चलन मदत दिली, पुढं जुलै २०२५ मध्ये मोदी मालेला गेले. पोस्ट लिहायला दोन मिनिटं लागली असतील, ती पुसून काढायला दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना दीड वर्ष बसून बोलावं लागलं. आणि त्या दिवसांत मालदीवच्या सामान्य लोकांना शिव्या देणाऱ्या ज्या कमेंट आपल्या लोकांनी लिहिल्या, मराठीत लिहिलेल्यासुद्धा, त्या तिथला माणूस एक बटण दाबून इंग्रजीत वाचू शकत होता.